बियेपासून ठेंगणे सफरचंद, नागपूरच्या अंगणात

आपला प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही उत्तराचा संदर्भ लागेल. आपले घर मानेवाडा भागात असून घराच्या पूर्वेला बारा बाय आठ फुटांचे अंगण आहे. 'ठेंगण्या सफरचंदाच्या बिया' असे छापलेले पाकीट आपण मागविले. त्यातल्या वीस बियांपैकी एकही उगवली नाही. पुढे बाजारातून आणलेल्या परदेशी गाला सफरचंदाच्या बिया आपण सहज म्हणून कुंडीत टोचल्या, त्यांतून तीन रोपे आली आणि आता फेब्रुवारीच्या सुरुवातीला ती वीतभर झाली आहेत. ही रोपे ठेंगणी राहतील का, त्यांना फळ कधी धरेल आणि पाकिटातल्या बिया का उगवल्या नाहीत, असे आपण विचारले आहे.

ही तीन रोपे आपणहून ठेंगणी राहणार नाहीत. फळ धरलेच तर साधारणपणे सहा ते दहा वर्षांनी धरेल आणि ते गालासारखे असेलच असे नाही. पाकिटातल्या बिया उगवल्या नाहीत याचे कारण बहुधा हे, की त्या सुकलेल्या होत्या आणि त्यांना ओलाव्यासह थंडी मिळाली नव्हती. असे असूनही रोपे उपटू नका, कारण त्यांचा उपयोग आहे; मात्र तो आपण समजता त्याहून वेगळा आहे.

काटोल रस्त्यावर मी तीस वर्षे संत्रा-मोसंबीच्या कलमांची रोपवाटिका चालविली, आणि सफरचंदाच्या बाबतीत नागपूरकरांची फसगत नेमकी कुठे होते हे मला त्या धंद्यामुळेच उमगले. आपल्याकडे 'बी लावली की आईसारखेच झाड येते' हा समज पक्का आहे आणि संत्र्यापुरता तो बराचसा खराही आहे. एक प्रयोग घरी करून पाहा. जंबेरी लिंबाची (संत्र्याचे कलम ज्याच्या रोपावर बांधतात त्याची) किंवा नागपुरी संत्र्याची बी पाण्यात भिजवून तिची वरची पांढरी साल आणि आतला तपकिरी पापुद्रा नखाने अलगद सोला. आत एक अंकुर असण्याऐवजी दोन, तीन, कधी चार लहान-मोठे तुकडे एकमेकांत दाटीवाटीने बसलेले दिसतील. त्यांतला फार तर एक परागसंयोगातून झालेला असतो. उरलेले आईच्याच ऊतीतून वाढलेले असतात, म्हणजे ते आईच्या झाडाची हुबेहूब प्रत असतात. जंबेरीची हजारो रोपे एकसारखी येतात ती यामुळे, आणि म्हणूनच आपले रोपवाटिकावाले त्यांवर निर्धास्तपणे संत्र्याचा डोळा भरतात, म्हणजे संत्र्याच्या काडीवरची कळी त्यांच्या खोडात बसवून कलम करतात. सफरचंदाची बी तशीच सोलून पाहिली, तर आत एकच अंकुर मिळेल. तो संपूर्णपणे संकरातून झालेला असतो, कारण सफरचंदाचे फूल स्वतःच्या, किंबहुना स्वतःच्याच जातीच्या परागाने सहसा फळत नाही. त्याला दुसऱ्या जातीचा पराग लागतो. आई गाला, बाप कोण ते मधमाशीला ठाऊक. शिवाय गाला हे स्वतःच न्यूझीलंडमध्ये दोन वेगळ्या जातींच्या संकरातून निघालेले झाड आहे. त्यामुळे एकाच फळातल्या पाच बियांतून पाच निराळी झाडे उभी राहतात, जशी एका घरातली पाच भावंडे.

आता ठेंगणेपणाविषयी. सफरचंदाचे झाड ठेंगणे होते ते मुख्यतः खाली असलेल्या खुंटामुळे, म्हणजे कलम ज्याच्यावर बांधतात त्या मुळासकटच्या खालच्या रोपामुळे. इंग्लंडमधील केंट परगण्यात ईस्ट मॉलिंग येथील संशोधन केंद्राने विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून युरोपात पूर्वापार वापरात असलेल्या खुंटांची छाननी करून त्यांना क्रमांक दिले. आज जगभर चालणारा एम-९ हा त्यांतलाच. त्यावर बांधलेले कलम आठ-दहा फुटांच्या आत राहते, लवकर फळते, पण त्याची मुळे उथळ आणि ठिसूळ असल्याने त्याला आयुष्यभर आधाराची काठी लागते. पुढे लोकरी मावा या किडीला दाद न देणारी एमएम-१०६ आणि एमएम-१११ ही नावे आली. ती मध्यम उंचीची आहेत. हे सर्व खुंट छाटे, दाब किंवा मातीची भर घालून मुळावलेल्या फांद्यांपासून वाढवितात, बियांपासून नव्हे. कारण बियेपासून वाढविले की त्यांचाही गुण विखुरतो. म्हणून 'ठेंगण्या सफरचंदाची बी' विकणारा जे वचन देतो ते कोणालाही पाळता येण्याजोगे नाही. बियेपासून आलेले झाड मोकळ्या जमिनीत वीस-पंचवीस फूट जाण्याची तयारी ठेवूनच वाढते.

याला एक अपवाद आहे, तो प्रामाणिकपणे नोंदवितो. १९६० च्या दशकात कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात मॅकिंटॉश जातीच्या एका झाडावर एक अजब फांदी आढळली, जिला बाजूच्या फांद्या जवळजवळ येतच नव्हत्या. तिच्यापासून खांबासारखी सरळ, अरुंद वाढणारी सफरचंदे निघाली, आणि हा गुण एका प्रभावी जनुकाने चालतो. अशा झाडाचा साध्या झाडाशी संकर झाला, तर सुमारे निम्म्या रोपांत तो उतरतो. पण ती झाडे अरुंद असतात, बुटकी असतीलच असे नाही. आणि त्यांना थंडीही हवी असते. नागपूरच्या बाजारात त्यांचे फळ मिळत नाही, तेव्हा तो मार्ग आपल्यासाठी नाही.

थंडीचा विषय मात्र सविस्तर सांगायला हवा, कारण त्यात दोन निराळ्या थंड्या आहेत आणि लोक त्या एकच समजतात. पहिली थंडी बियेची. फळातून काढलेली बी जिवंत असली तरी निजलेली असते. ओलसर अवस्थेत ३ ते ५ अंश सेल्सिअसला साधारण ६० ते ९० दिवस काढल्यावर ती जागी होते. कोरड्या बियेला तेवढीच थंडी दिली तर उपयोग शून्य. आपली गालाची बी उगवली, कारण परदेशी फळ शीतगृहात आणि जहाजाच्या थंड कंटेनरमध्ये आठवडेच्या आठवडे काढून येते आणि बियेची ही गरज फळाच्या आत, ओल्या गाभ्यातच भागलेली असते. कधीकधी असे फळ चिरले की आत बी फुटून पांढरे मूळ बाहेर आलेले दिसते. गृहिणी ते फळ सडले म्हणून टाकून देतात, तर माझ्यासारखा माणूस ते जपून ठेवतो.

दुसरी थंडी झाडाच्या कळ्यांची. हिवाळ्यात पाने गाळून झोपलेल्या झाडाला ठरावीक तास ७ अंशांच्या आसपास किंवा त्याखालचे तापमान मिळाले नाही, तर कळ्या नीट उमलत नाहीत. काश्मीर-हिमाचलात रुळलेल्या बहुतेक जातींना असे सुमारे ८०० ते १,२०० तास लागतात. नागपूरचा हिवाळा झोंबतो हे खरे, आणि डिसेंबर २०१८ च्या अखेरीस येथे ३.५ अंशांची नोंदही झाली. परंतु अशा रात्री मोजक्याच असतात आणि दुपारचे ऊन रात्रीची कमाई बरीचशी पुसून टाकते. पहिली थंडी फ्रिज देतो. दुसरी थंडी अंगणात कोणीही देऊ शकत नाही, म्हणून ती कमी लागणारे झाडच निवडावे लागते. इस्राएलमध्ये तयार झालेल्या ॲना या जातीला २०० ते ३०० तास पुरतात, बहामा बेटांवर सापडलेल्या डॉर्सेट गोल्डन या जातीला त्याहूनही कमी. आपल्या देशातली एचआरएमएन-९९ ही जात तर आपल्या प्रश्नाशी थेट निगडित आहे. हिमाचलच्या बिलासपूर जिल्ह्यातील शेतकरी हरिमन शर्मा यांच्या अंगणात, खाऊन टाकलेल्या सफरचंदाच्या बियेतून एक रोप आपोआप उगवले. सफरचंदाच्या नेहमीच्या पट्ट्यापेक्षा पुष्कळ खालच्या, उष्ण भागात ते फळले. त्यांनी त्याचेच डोळे घेऊन कलमे केली, आणि २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. बियेतून चांगले झाड कधीच येत नाही असे म्हणणाऱ्यांना हे उत्तर आहे. मात्र त्यांनी पुढची झाडे त्या झाडाच्या बियांपासून केली नाहीत, कलमांनी केली, हेही तितकेच लक्षात ठेवावे.

यावरून बी निवडण्याचा नियम निघतो. कमी थंडीची गरज हा गुण बराचसा आई-बापांकडून येतो. म्हणून ज्या बागेत ॲना आणि डॉर्सेट शेजारी शेजारी आहेत, तेथल्या फळाची बी मिळाली तर ती काश्मिरी डेलिशसच्या शंभर बियांपेक्षा मोलाची समजावी. एका फळात साधारण दहापर्यंत बिया असतात: पाच कप्पे, प्रत्येकात दोन. पोचट, चपट्या बिया टाकून द्या. टपोऱ्या, गर्द तपकिरी ठेवा. बियांना सुरीची धार लागू देऊ नका. जाता जाता सांगतो, या बिया चावून खाण्याची मौज मुलांना करू देऊ नये, कारण चावल्यावर त्यांतील घटकापासून सायनाइड तयार होते. एखादी अख्खी गिळली तर काही होत नाही.

बिया कोमट पाण्यात चोळून गराचा चिकटपणा काढावा, एक दिवस साध्या पाण्यात भिजवावे आणि मग कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात, मिसळावे. कोकोपीट किती ओले असावे? मुठीत घट्ट दाबले तर बोटांच्या फटीतून एखादाच थेंब यावा, धार लागू नये. सफरचंदाच्या बिया थंडीने नव्हे, चिखलाने मरतात. हे मिश्रण प्लास्टिकच्या पिशवीत भरून सुईने चार भोके पाडावीत आणि पिशवी फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवावी, बर्फाच्या कप्प्यात कदापि नाही. पिशवीवर तारीख आणि मोठ्या अक्षरांत 'टाकू नये' असे लिहावे. माझी पहिली खेप घरच्यांनी खराब झालेली सुपारी समजून दिवाळीच्या साफसफाईत बाहेर टाकली होती. दर रविवारी पिशवी उघडून हवा द्यावी, बुरशी धरलेली बी काढावी. दीड-दोन महिन्यांनी टोकाशी साल उकलून दाण्याएवढे पांढरे मूळ डोकावते. ते नखाच्या लांबीचे होण्याआधी, मूळ खाली करून, अर्धा इंच खोल लावावे.

हे सर्व केव्हा करावे, याबद्दल डोंगराळ भागासाठी लिहिलेले वेळापत्रक येथे चालत नाही. तिकडे वसंतात पेरतात. आपल्याकडे वसंत म्हणजे मार्च आणि मार्च म्हणजे उन्हाळाच. पावसाळ्याच्या तोंडी पेरावे असेही काही जण सुचवितात, परंतु थंडी घेतलेली बी एकदम तीस अंशांच्या गरम मातीत पडली तर ती पुन्हा झोपी जाऊ शकते, आणि उगवलीच तर जुलैच्या दमटपणात कोवळे रोप जमिनीलगत सडून आडवे होते. मी नवरात्राच्या सुमारास बिया फ्रिजमध्ये ठेवतो आणि डिसेंबरच्या मध्यावर लावतो. नागपूरचा डिसेंबर-जानेवारी, म्हणजे दिवसा पंचवीस-अठ्ठावीस अंश, कोवळे ऊन आणि कोरडी हवा, हा सफरचंदाच्या रोपासाठी वर्षातला सर्वांत चांगला काळ आहे. रोपाला उन्हाळ्यापूर्वी मुळे पसरायला तीन महिने मिळतात.

आणि तो उन्हाळा! मे २०१३ मध्ये नागपूरने ४७.९ अंश पाहिले आहेत. वीतभर रोपाची पाने उन्हाने करपतात हे आपल्याला दिसते. पण त्याआधी काळ्या प्लास्टिकच्या कुंडीत मुळे शिजतात, ते दिसत नाही. म्हणून मार्चपासून रोपे मातीच्या कुंडीत हलवा, ती कुंडी दुसऱ्या मोठ्या कुंडीत ठेवा आणि दोहोंमधल्या फटीत वाळू भरून ती रोज भिजवा. आपण रांजण ज्या तत्त्वावर थंड ठेवतो तेच हे तत्त्व. कुंडीच्या तोंडावर वाळलेल्या पानांचा चार बोटे थर द्या. आपले अंगण पूर्वेला आहे, हे आपले भाग्य समजा: अकरा-बारा वाजेपर्यंतचे ऊन आणि नंतर घराची सावली, याहून चांगली जागा नागपुरात सफरचंदाला मिळणार नाही. तरीही एप्रिलपासून नवतपा (मेअखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस) संपेपर्यंत निम्मे ऊन अडविणारी हिरवी जाळी ताणा. कूलरची गरम हवा रोपांवर जाणार नाही हेही पाहा. ही चूक मी बऱ्याच घरांत पाहिली आहे. पाणी सकाळी आणि सूर्य कलल्यावर, दुपारी नाही.

माती हा नागपूरचा दुसरा पेच. आपली काळी माती पावसाळ्यात पाणी धरून ठेवते आणि उन्हाळ्यात भेगाळून बारीक मुळे तोडते. ज्यांनी संत्र्याचा डिंक्या रोग पाहिला आहे, त्यांना पाण्यात उभ्या राहिलेल्या बुंध्याचे काय होते हे सांगायला नको, कारण सफरचंदाची बुंधाकूज त्याच घराण्यातल्या बुरशीमुळे होते. म्हणून खड्ड्यात लावू नका, गादीवर लावा: दीड फूट उंच, तीन फूट रुंद ओटा करून त्यात पोयटा, जाडी वाळू आणि कुजलेले शेणखत सारख्या प्रमाणात भरा. बुंध्याला बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर. बोअरचे पाणी जड असेल तर नव्या पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा पडू लागतो. ती लोहाची कमतरता आहे, तिच्यासाठी जास्त शेणखत नव्हे तर चिलेटेड लोह, म्हणजे झाडाला सहज शोषता येईल अशा रूपातले लोह, द्यावे. खतांबद्दल यापेक्षा अधिक काही सांगण्यासारखे नाही.

आता आपल्या तीन रोपांचे काय करावे ते सांगतो. त्यांना खुंट समजा. बियेपासून आलेले मूळ खोल जाते, घट्ट रोवते आणि उष्णतेत एम-९ च्या उथळ मुळांपेक्षा अधिक तग धरते. पुढच्या जानेवारीपर्यंत त्यांचे खोड पेन्सिलीइतके जाड होईल. तेव्हा दोन रोपांवर कमी थंडीच्या जातींचे पाचर कलम (खुंटाच्या चिरेत पाचरीसारखी तासलेली काडी बसवून केलेले) बांधून घ्या, एकावर ॲना आणि दुसऱ्यावर डॉर्सेट गोल्डन, म्हणजे परागाची सोय होईल. संत्र्याचे डोळे भरणारा कुशल कारागीर हे काम सहज करतो. त्याला फक्त सांगावे लागते की सफरचंदाची काडी झोपेत असतानाच कापून, ओल्या कापडात गुंडाळून फ्रिजमध्ये राखायची असते. कलम बांधल्यावर फळ दोन-तीन वर्षांत दिसू शकते. आपल्याला खरोखर ठेंगणे झाड हवे असेल तर खुंट आणि जात यांच्यामध्ये एम-९ चा वीतभर तुकडा बसविण्याची पद्धत आहे. मूळ बियेचे, मधली काडी ठेंगणी आणि वर हवी ती जात. दोन जोड असल्याने ते काम अधिक नाजूक आहे, पण त्याने झाड खरोखरच आवरते.

तेवढ्या खटपटीत पडायचे नसेल, तर उंची विळ्या-कात्रीनेही आवरता येते. हिवाळ्यातली जोरदार छाटणी झाडाला उलट चेव आणते; म्हणून मुख्य छाटणी वाढीच्या मध्यावर, जुलै-ऑगस्टमधील उघडिपीत करावी. उभ्या फांद्यांना सुतळी बांधून, खाली विटेचा भार देऊन त्या आडव्या कराव्यात. आडवी फांदी कमी वाढते आणि लवकर फुलते. वीस इंची ड्रमात ठेवलेले झाडही मुळांना जागा कमी पडल्याने सहा-सात फुटांत राहते, मात्र दर तिसऱ्या हिवाळ्यात ते बाहेर काढून कडेची मुळे छाटावी लागतात.

उरले तिसरे रोप. ते तसेच वाढू द्या. एका घरात एवढी हौस परवडते. आपल्याकडे सफरचंदाची पाने डिसेंबरमध्ये आपणहून पूर्ण गळत नाहीत, झाड अर्धवट जागे राहते. इंडोनेशियात जावा बेटावरील बातू येथे हिवाळाच नसल्यामुळे बागायतदार हाताने सर्व पाने ओरबाडून झाडाला फुलायला लावतात. आपल्या संत्रा बागायतदारांना बहारासाठी ताण देण्याची, म्हणजे पाणी तोडून झाडाला फुलायला लावण्याची, जी कला अवगत आहे, तिचीच ही चुलत बहीण. झाड तीन वर्षांचे झाल्यावर डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात पाणी निम्मे करा, आठ-दहा दिवसांनी सर्व पाने देठाजवळ कात्रीने कापा आणि मग पुन्हा नेहमीचे पाणी सुरू करा. नाशिककडे द्राक्षांसाठी जे सुप्तावस्था मोडणारे रसायन वापरतात, ते घरच्या बागेत आणू नका. ते विषारी आहे, आणि घरात मद्य घेणारे कोणी असेल तर अधिकच.

पाने कापल्यानंतर रोज सकाळी त्या रोपाच्या शेंड्याकडे पाहत चला. फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात, फारशी थंडी न मिळताही, राखाडी लव असलेला डोळा फुगून त्यातून हिरवे टोक निघाले, तर त्या झाडाला कमी थंडी पुरते असे समजायला हरकत नाही, आणि पुढच्या हिवाळ्यात, ते झोपेत असताना, त्याच्या बुंध्याजवळून नव्हे तर शेंड्याकडून कलमासाठी चार काड्या कापून घ्या. वरची काडी वयाने पोक्त असते, तिचे कलम लवकर फुलते. मार्च उलटूनही डोळे मिटलेलेच राहिले आणि केवळ टोकाला दोन पाने आली, तर त्या खुंटावर पुढच्या जानेवारीत ॲना बांधून टाका.